सर्पदंशातून वाचलेल्यांची पीयूषिका ग्रंथी

म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरांवर, कपिला अथवा कबिनी नदीच्या काठी, नंजनगूड हे क्षेत्र वसलेले आहे. कन्नड भाषेत ‘नंजु’ म्हणजे विष, आणि ‘नंजुंड’ म्हणजे विष प्यालेला. समुद्रमंथनातून निघालेले हालाहल ज्याने प्राशन केले, त्या शिवाचे श्रीकंठेश्वर ह्या नावाने प्रसिद्ध असलेले भव्य मंदिर येथे असून गावाचे नावही त्या देवावरूनच पडलेले आहे. महाराष्ट्रात आपण ज्याला नीलकंठ म्हणतो तोच हा देव. विष कंठातच रोखून धरण्याचे सामर्थ्य देवाला असेल. मनुष्याच्या शरीराला ते नाही. ते विष रक्तात मिसळते, आणि रक्ताबरोबर जेथे जेथे जाते तेथे तेथे आपला ठसा ठेवते.

नंजनगूडच्या भोवती भाताची खाचरे, उसाचे मळे आणि केळीच्या बागा आहेत. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप, हा निसर्गाचा क्रम होय. कन्नड शेतकरी ज्याला ‘कोळकुमंडल’ म्हणतो आणि मराठी शेतकरी ज्याला घोणस म्हणतो, तो साप ह्या प्रदेशाप्रमाणेच महाराष्ट्रातही सर्वत्र आढळतो. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, ही गोष्ट आता बहुतेकांस ठाऊक झाली आहे. परंतु ह्या विषाचा आणखी एक परिणाम असा आहे की, तो पुष्कळदा दंशाच्या दिवशी दिसत नाही. कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी तो प्रकट होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका नावाच्या लहानशा ग्रंथीचा नाश, हाच तो परिणाम होय. सर्पदंशाचा रोगी आपल्या पायांनी चालत घरी गेला म्हणजे उपचार संपले, असे मानण्याची आपली रीत आहे. ही रीत बदलली पाहिजे, आणि ती का बदलली पाहिजे हे समजण्यासाठी प्रथम ह्या ग्रंथीचा कारभार समजून घेतला पाहिजे.

दोन अवयवांचा एक कारभार

आपल्या शरीरात वार्ता पोहोचविण्याचे दोन मार्ग आहेत. मज्जातंतू हा पहिला मार्ग. त्यातून निरोप क्षणार्धात जातो. दुसरा मार्ग रक्ताचा. काही ग्रंथी आपल्यात तयार झालेली रसायने सरळ रक्तात सोडतात आणि ती दूरच्या अवयवांकडून कामे करवून घेतात. ह्या रसायनांस संप्रेरके अथवा हॉर्मोने म्हणतात. वाढ, शरीराची ऊब, रक्तातील साखर, रक्तदाब, पाण्याचा समतोल, पौगंडावस्था, मासिक पाळी, स्तनपान ह्या सर्व गोष्टी संप्रेरकांच्या प्रमाणावर अवलंबून असतात. हे प्रमाण किंचित कमी झाले तरी शरीराचे बिनसते, आणि किंचित वाढले तरीही बिनसते.

ह्या प्रमाणावर देखरेख ठेवणारी पीयूषिका ग्रंथी आकाराने वाटाण्याएवढी व वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम असते. कवटीच्या तळाच्या हाडात घोड्याच्या खोगिरासारखा एक खळगा असतो, त्यात ती बसलेली असते. तिच्या अग्रखंडातून सहा प्रमुख संप्रेरके निघतात. एक शरीराची वाढ घडवून आणते. दुसरे गळ्यातील अवटू, म्हणजे थायरॉइड, ग्रंथीस चालना देते. तिसरे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसॉल तयार करवून घेते. चौथे व पाचवे स्त्रीच्या बीजकोशांवर आणि पुरुषाच्या वृषणांवर अधिकार चालवितात. सहावे मातेच्या स्तनांत दूध निर्माण करते.

एवढा अधिकार पाहून पूर्वीच्या लेखकांनी ह्या ग्रंथीला सर्व ग्रंथींची सम्राज्ञी म्हटले, आणि पाठ्यपुस्तकांतून ते विशेषण आजही डोकावते. परंतु ते यथार्थ नाही. पीयूषिकेच्या लगेच वर, मेंदूच्या तळाशी, अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, नावाचा भाग असतो. त्याचे वजन अवघे चार ग्रॅमच्या आसपास. भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान, भय, संताप ह्या सर्वांच्या वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचतात, आणि त्या वार्ता ऐकून तो पीयूषिकेला आज्ञा देतो. काही आज्ञा चालना देणाऱ्या असतात, तर काही आवर घालणाऱ्या. दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकावर तर अधश्चेतकाचा मुख्यतः लगामच असतो. पीयूषिकेच्या पश्चखंडाची गोष्ट आणखी निराळी आहे. मूत्रावाटे जाणारे पाणी आवरणारे आणि प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन करणारे अशी जी दोन संप्रेरके तेथून बाहेर पडतात, ती मुळात तेथे तयारच होत नाहीत. ती अधश्चेतकात तयार होतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने खाली येऊन पश्चखंडात साठविली जातात. तेव्हा पीयूषिकेला सम्राज्ञी न म्हणता दक्ष कारभारीण म्हणणेच अधिक योग्य होईल.

ह्या कारभारातील सर्वांत सुंदर भाग म्हणजे त्याची उलट तपासणी. अवटू ग्रंथीचे संप्रेरक रक्तात पुरेसे झाले की, ते स्वतःच अधश्चेतकाला व पीयूषिकेला जाऊन ‘आता पुरे’ असे सांगते, आणि वरून येणारी चालना कमी होते. ते कमी पडले तर वरची चालना वाढते. कॉर्टिसॉलचेही तसेच. विहिरीवरचा पंप टाकीतील पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप सुरू व बंद व्हावा, तशीच ही योजना आहे. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे रोगाचे निदान करताना त्याचीच गरज पडणार आहे.

हे ज्ञान कसे मिळाले

अधश्चेतक आणि पीयूषिकेचे अग्रखंड ह्यांना जोडणारे मज्जातंतू जवळजवळ नाहीतच. मग आज्ञा पोहोचते कशी? १९३० साली पोपा व फील्डिंग ह्या संशोधकांनी ह्या दोहोंच्या मध्ये असलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे वर्णन केले. परंतु त्यांतील रक्त खालून वर जाते, असा त्यांचा समज होता. १९३६ साली विस्लॉकी व किंग ह्यांनी रक्त वरून खाली, म्हणजे मेंदूकडून ग्रंथीकडे, वाहते असे दाखविले. ह्या शोधाचा पूर्ण अर्थ उलगडला तो जेफ्री हॅरिस ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने. त्याने व डोरा याकबसोन ह्या संशोधिकेने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांची पीयूषिका काढून ती अन्यत्र बसविली. अधश्चेतकाच्या खाली, त्या रक्तवाहिन्यांच्या सान्निध्यात बसविलेली ग्रंथी पुन्हा काम करू लागली; मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसविलेली ग्रंथी जिवंत राहूनही निष्क्रिय राहिली. ग्रंथी तीच, परंतु आज्ञेची वाट तुटल्याबरोबर तिचा अधिकार संपला.

अशी आज्ञा देणारे पहिले रसायन हाती येण्यास १९६९ साल उजाडावे लागले. गीयमँ ह्यांनी मेंढ्यांच्या व शाली ह्यांनी डुकरांच्या लाखो मेंदूंतून अधश्चेतकाचा भाग वेगळा काढून वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा अवटू ग्रंथीच्या साखळीचा पहिला दुवा असलेले रसायन त्यांना ओळखता आले. ते अवघ्या तीन अमिनो आम्लांचे बनलेले होते. १९७७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना आणि रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची पद्धत शोधणाऱ्या रोझलिन यॅलो ह्यांना मिळून देण्यात आले. आज जिल्ह्याच्या ठिकाणी रक्ताचा नमुना देऊन संप्रेरकांचे प्रमाण कळते, त्यामागे ही परंपरा आहे.

विष आणि ग्रंथीचे रक्त

जी रचना पीयूषिकेचे सामर्थ्य आहे तीच तिचे मर्मस्थानही आहे. अग्रखंडाला मिळणारे बहुतेक रक्त धमनीतून सरळ येत नाही. ते अगोदर अधश्चेतकातील केशवाहिन्यांच्या जाळ्यातून फिरते आणि मग खाली उतरते. साहजिकच त्याचा दाब कमी असतो. शरीराचा रक्तदाब एकाएकी कोसळला, किंवा सूक्ष्म वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, तर ह्या ग्रंथीची उपासमार इतर अवयवांच्या आधी होऊ शकते. १९३७ साली हॅरल्ड शीहन ह्या इंग्रज रोगविज्ञाने दाखवून दिले की, प्रसूतीच्या वेळी अतिशय रक्तस्राव झालेल्या काही स्त्रियांची पीयूषिका अशाच रीतीने मरून जाते. गर्भारपणी ही ग्रंथी मोठी झालेली असते, त्यामुळे तिची रक्ताची गरजही वाढलेली असते. हा विकार आज शीहनच्या नावाने ओळखला जातो.

घोणसीचे विष हेच अरिष्ट निराळ्या वाटेने ओढवून आणते. त्यातील काही द्रव्ये रक्त गोठविणारे घटक एकाएकी जागृत करतात. सूक्ष्म वाहिन्यांत जागोजागी गोठण निर्माण होते, आणि त्यात हे घटक खर्ची पडल्यामुळे उरलेले रक्त गोठेनासे होते. म्हणजे एकाच वेळी एकीकडे गुठळ्या आणि दुसरीकडे रक्तस्राव, असा विचित्र प्रसंग उभा राहतो. त्यातच केशवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तदाब उतरतो. अशा स्थितीत पीयूषिकेत रक्तस्राव होतो किंवा तिचा काही भाग रक्तावाचून मरतो. १९८७ साली ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, रोग्यांवरून ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला. घोणसीच्या दंशानंतर शीहनच्या विकारासारखाच पीयूषिकेचा ऱ्हास होतो, आणि तो तत्काळ तसाच कालांतरानेही दिसून येतो, असे त्यात मांडले होते. दक्षिण भारतातूनही असे रोगी वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घोणस चावलेल्या प्रत्येकाची पीयूषिका बिघडते असे मुळीच नाही. ज्यांचे रक्त दीर्घकाळ गोठत नव्हते, ज्यांचा रक्तदाब फार उतरला होता, ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, अशा अत्यवस्थ रोग्यांतच हे प्रामुख्याने आढळते. तसेच, प्रतिविषाची लस हाच सर्पदंशावरचा खरा उपाय आहे, ह्याबद्दल कोणीही शंका बाळगू नये. दंशाची जागा कापणे, करकचून दोरी आवळणे, मांत्रिकाकडे वेळ घालविणे ह्या गोष्टींनी जीव जातो. उलट लस जितकी लवकर मिळेल तितकी हानी टळण्याची शक्यता अधिक. परंतु मेलेली ग्रंथी लस जिवंत करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

ओळखू न येणारा आजार

आता अशा रोग्याची अवस्था डोळ्यांपुढे आणावी. तो मरणाच्या दारातून परत आला आहे. गावाने त्याचे स्वागत केले आहे, घरच्यांनी नवस फेडला आहे. काही महिन्यांनी तो पूर्वीसारखा नांगर धरू शकत नाही. सकाळी उठवत नाही, अन्नावर वासना नाही, थंडी सोसत नाही, उभे राहताच चक्कर येते. दाढी विरळ होते, काखेतील केस झडतात. स्त्री असेल तर तिची पाळी थांबते आणि मूल होत नाही. ह्यांपैकी कोणतेही लक्षण असे नाही की ज्याने घरचे लोक घाबरून तातडीने डॉक्टरांकडे धाव घेतील. मग कोणी म्हणतो, विष अंगात मुरले आहे. कोणी म्हणतो, मनाने धसका घेतला आहे. आणि कोणी सरळ आळशी म्हणून मोकळा होतो. स्त्रीच्या वाट्याला तर वांझपणाचा बोल येतो. वस्तुतः तिच्या बीजकोशांचा काही दोष नसतो. त्यांना मिळणारी आज्ञाच बंद पडलेली असते.

कॉर्टिसॉलची उणीव ह्या सर्वांत अधिक घातक. निरोगी माणसाला ताप आला, अपघात झाला किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, तर अधश्चेतक व पीयूषिका ताबडतोब कॉर्टिसॉल वाढवितात आणि शरीर तो ताण पेलते. ज्याची ही साखळी तुटली आहे त्याचा साध्या हगवणीत किंवा तापातही रक्तदाब कोसळून, रक्तातील साखर उतरून मृत्यू होऊ शकतो. असा मृत्यू त्या तापाच्या नावावर लिहिला जातो. कित्येक वर्षांपूर्वीच्या सापाची आठवण कोणालाही होत नाही.

निदानात एक फसगतही आहे. थकवा आला की पुष्कळ ठिकाणी अवटू ग्रंथीची तपासणी म्हणून केवळ पीयूषिकेचे चालक संप्रेरक, म्हणजे टी.एस.एच., मोजतात. अवटू ग्रंथी स्वतः आजारी असेल तर ही तपासणी उत्तम; कारण टाकी रिकामी होताच वरची चालना वाढते आणि टी.एस.एच. चढलेले दिसते. परंतु येथे चालना देणारी ग्रंथीच निकामी झालेली आहे. टाकी रिकामी आहे आणि पंप मूक आहे. अशा वेळी टी.एस.एच. कमी किंवा अगदी सामान्यही दिसते, आणि अहवाल वाचून रोग्याला ‘काही झालेले नाही’ असे सांगितले जाते. अवटूचे स्वतःचे संप्रेरक टी.एस.एच.बरोबर मोजले, आणि सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल मोजले, तरच खरा प्रकार उघडकीस येण्याची आशा. सकाळची वेळ अशासाठी की, निरोगी शरीरात कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढते व मध्यरात्री सर्वांत कमी असते. पीयूषिका व अधश्चेतक ह्यांचा अन्योन्यसंबंध ज्याला समजला, त्याला ही दोन आकड्यांची भाषा चटकन उमगते. ज्याला समजला नाही, तो एका आकड्यावर विसंबून राहतो.

काय केले पाहिजे

सुदैवाने उपचार अवघड नाही. कॉर्टिसॉलच्या जागी देण्याच्या गोळ्या आणि अवटूच्या संप्रेरकाची गोळी ह्या जुन्या, परिचित व तुलनेने स्वस्त औषधांत मोडतात. मात्र त्यांचा क्रम चुकता कामा नये. कॉर्टिसॉलची उणीव प्रथम भरून काढावयाची आणि मगच अवटूचे संप्रेरक द्यावयाचे. उलट केल्यास शरीरातील उरलेसुरले कॉर्टिसॉल लवकर खर्ची पडून जिवावर बेतते. ताप किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा मात्रा वाढवावी लागते. हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे, आणि बहुधा जन्मभर. परंतु योग्य गोळ्या सुरू झाल्यावर अंथरुणाला खिळलेला मनुष्य पुन्हा शेतावर जाऊ शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

अडचण औषधाची नाही, आठवण ठेवण्याची आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात २००० ते २०१९ ह्या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत प्रमुख स्थान दिले, आणि २०१९ साली, त्यामुळे होणारे मृत्यू व अपंगत्व २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ध्येय जाहीर केले. नंजनगूड ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली, आणि पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. ही पावले स्तुत्य आहेत. परंतु अपंगत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कापलेला पाय किंवा झडलेले बोट उभे राहते. आतल्या आत सुकून गेलेली अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी कोणाच्याही नजरेस पडत नाही. जे मोजलेच जात नाही ते निम्म्यावर आले किंवा नाही, हे कसे कळणार?

ह्यावर आक्षेप घेतला जाईल की, जेथे लस आणि डॉक्टर ह्यांचीच वाण आहे तेथे संप्रेरकांच्या तपासण्या ही चैन होय. हा आक्षेप विचारार्ह आहे, आणि प्रत्येक सर्पदंशाच्या रोग्याची तपासणी करावी असे कोणी म्हणतही नाही. जो रोगी अत्यवस्थ झाला होता, ज्याच्या मूत्रपिंडांना किंवा रक्ताला मोठा धक्का बसला होता, त्याला काही महिन्यांनी एकदा आणि लक्षणे दिसल्यास पुन्हा तपासणीस बोलवावे, एवढीच अपेक्षा आहे. लस देऊन वाचविलेला प्राण पुढे साध्या तापात गमवावा लागला, तर त्या लसीवर झालेला खर्चही व्यर्थच गेला म्हणावयाचा. दुसरा आक्षेप असा की, ह्याने लोक भयभीत होतील. परंतु नाव माहीत नसलेल्या आजाराचे भय नाव माहीत असलेल्या आजाराहून नेहमीच मोठे असते.

रुग्णालयातून घरी सोडताना रोग्याला जो कागद मिळतो, त्यावर कोणत्या सापाचा दंश झाला, रक्त किती काळ गोठत नव्हते आणि मूत्रपिंडांची स्थिती कशी होती, हे लिहिलेले असावे. त्याखाली मराठीत, किंवा त्या त्या प्रदेशाच्या भाषेत, एक ओळ असावी : ‘पुढे थकवा, चक्कर, थंडी सोसेनाशी होणे किंवा पाळी बंद होणे अशी लक्षणे दिसल्यास हा कागद घेऊन यावे व पीयूषिका ग्रंथीची तपासणी करून घ्यावी.’ असा कागद रोग्याने जपून ठेवावा आणि पुढे कोणत्याही आजारात डॉक्टरांना दाखवावा. शाळेतील शिक्षकांनी संप्रेरकांचा धडा शिकविताना ग्रंथींची नावे पाठ करवून घेण्यावर न थांबता, वरची आज्ञा बंद पडली तर खाली काय होते, हा प्रश्न मुलांना विचारावा. त्या वर्गात एखादे मूल असे असेल की, ज्याच्या घरी सापाच्या तोंडातून वाचलेला आणि तेव्हापासून उभारी हरवून बसलेला चुलता, आई किंवा आजोबा आहेत. त्या मुलाने घरी जाऊन ‘ह्यांचे रक्त एकदा सकाळी तपासून घेऊ या’ एवढे म्हटले, तरी तो धडा कामी आला असे समजावे.